नावं ठेवायला हैदराबादला

हैदराबादहून परत आले तेव्हा लातुरात ज्याने त्याने पहिल्यांदा एकच विचारलं, "बिर्याणी खाल्ली का?" चारमिनार पाहिला का, मोती घेतले का, हे त्याच्यानंतर. खरं सांगायचं तर बिर्याणी एकदाच खाल्ली आणि तीही गार झालेली. मोती घेतले नाहीत. मी तिथे राहून रोज खाल्ली ती ज्वारीची भाकरी. हे ऐकून लोक हसले. "भाकरी खायला हैदराबादला कशाला जावं लागतं?" म्हणाले. एका वाक्यात सांगण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून सगळं नीट लिहायला बसले आहे.

बोलावणं सुजाताचं होतं. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकताना आम्ही दोघी वसतिगृहात एका खोलीत राहिलो. मी गृहविज्ञान घेऊन लातूरच्या कॉलेजात शिकवायला लागले आणि तिथेच रुजले. ती बियाण्यांच्या प्रयोगशाळेत लागली, तिथून धान्य-प्रक्रियेच्या विभागात गेली, आणि चढत चढत एका मोठ्या कंपनीच्या हैदराबादच्या संशोधन केंद्राची प्रमुख झाली. नवी वाणं काढायची, त्यांच्यापासून नवे खाद्यपदार्थ तयार करायचे, ते टिकवायचे कसे हे शोधायचं, असं तिचं खातं. तिच्या हाताखाली शास्त्रज्ञांची पलटण होती. अशा बाईचा एका संध्याकाळी फोन आला.

"विमल, चार दिवस ये. तुझ्या जिभेचं काम आहे."

"कुणाला शिव्या द्यायच्यात?"

"शिव्या नको. नावं ठेवायचीत. भाकरीला."

आता या बाबतीत माझी ख्याती जुनी आहे. सासरी पहिल्याच दिवाळीला मी सासूबाईंच्या अनारशांना नाव ठेवलं आणि घरात जी जागा मिळवली ती आजतागायत कुणी हिरावून घेतलेली नाही. मला वाटलं, सुजाता चेष्टा करते आहे. पण तिचा आवाज चेष्टेचा नव्हता. मी रजा टाकली आणि निघाले.

नामपल्ली

नामपल्लीला उतरले तेव्हा शहरभर पाट्या रंगवण्याचं काम चाललं होतं. राज्याचे दोन भाग होऊन फार दिवस झाले नव्हते. सरकारी फलकांवर जुनं नाव अर्धवट खरवडलेलं आणि त्याच्या शेजारी नवं नाव ओलं, असं कुठेकुठे दिसत होतं. गाड्यांच्या नंबरांचीही तीच तऱ्हा. नव्या गाडीची अक्षरं नवी, जुन्या गाडीची जुनी. मी रिक्षावाल्याला विचारलं, राज्य बदललं, मग तुमचं काय बदललं? तो मागे न बघता म्हणाला, "आंध्रा गया, तेलंगाना आया, मगर मीटर वोइच है अम्मा." आणि मीटर न टाकता त्याने रिक्षा सुरू केली.

आम्हा मराठवाड्याच्या लोकांना या शहरात पाहुणं वाटावं की घरचं, हे मला कधी ठरवता आलेलं नाही. माझे आजोबा कोर्टाच्या तारखेला हैदराबादला यायचे, कारण तेव्हा राजधानी हीच. मग राज्यांची फेररचना झाली, आमचा मुलूख मुंबईला जोडला गेला, आणि इथे पोटासाठी आलेली मराठी माणसं जागची न हलता परराज्यातली झाली. त्यांची मुलं तेलुगू शाळेत गेली, उर्दू गल्लीत खेळली आणि घरात मराठी बोलत राहिली. सुजाता त्यांतलीच. तिचे वडील नांदेडजवळच्या खेड्यातून येऊन रेल्वेत खलाशी म्हणून लागले होते. मुलीला त्यांनी शिकायला परत मराठवाड्यात धाडलं, एवढंच काय ते गावाशी उरलेलं नातं.

नारायणगुडा

सुजाताचं घर नारायणगुड्यात तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली वह्यापुस्तकांची दुकानं आणि शाळा, त्यामुळे सकाळी प्रार्थना आणि दुपारी घंटा फुकट ऐकू येते. घरात दोघीच, सुजाता आणि तिची आई. आईंचं नाव गयाबाई, मी त्यांना गयामावशी म्हणते. ऐंशीच्या आसपासच्या, पाठीत वाकलेल्या, पण पहाटे उठून अंघोळ करून बुद्धवंदना झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणाऱ्या. मला बघून त्यांनी माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवला.

"लेकरा, वाळलीस की गं. तिकडं खायाला देतेत का न्हाई?"

माझं वजन बघता हे फक्त मावशीच म्हणू शकतात.

जेवायला अंबाडीची भाजी होती. "इकडं हिला गोंगुरा म्हनतेत," मावशी म्हणाल्या. आम्ही अंबाडीत ज्वारीच्या कण्या घालून ती मऊ घोटतो आणि वरून लसणाची फोडणी ओततो. इथे तीच पालेभाजी लाल मिरचीत परतून असं काही तिखट करतात की डोळ्यांतून पाणी यावं. मावशींनी दोन्हीच्या मधला रस्ता काढला होता, कण्याही होत्या आणि मिरचीही. मी तीन वेळा घेतली. सोबतची भाकरी मात्र मी जरा निरखून पाहिली. पातळ होती, कडेला एकही चीर नव्हती आणि पापुद्रा टम्म सुटलेला होता. पण पहिला घास गिळल्यावर काहीतरी खटकलं. भाजीच्या तिखटात ते विरून गेलं आणि मीही प्रवासाने दमलेली होते, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. मावशी स्वतः भाकरी दुधात कुस्करून खात होत्या. दात नाहीत म्हणून असेल असं मला वाटलं.

जेवणानंतर सुजाताने सगळं सांगितलं. ज्यांच्या घरात ज्वारी दळली जाते त्यांना हे माहीत आहे की ज्वारीचं पीठ फार दिवस टिकत नाही. आठ-पंधरा दिवसांत त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना फाटते, आणि पुढे पिठाला खवट वास सुटतो. गव्हाचं पीठ पिशवीत महिनोन्महिने दुकानात पडून राहतं, ज्वारीचं राहत नाही. शहरातल्या लोकांनी ज्वारी सोडली त्याचं हे एक मोठं कारण. सुजाताने अख्खी उमेदीची वर्षं या एका प्रश्नामागे घालवली होती. आधी कमी तेल असलेलं वाण निवडायचं, मग दाण्याला ठरावीक वाफ द्यायची, मग दळण. पीठ आता सहा महिने टिकत होतं आणि विरीही जात नव्हती. यंत्रांचे सगळे आकडे मर्यादेत होते.

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं.

"कंपनीत अडलंय. आमची कंपनी आणि गुरगावची एक कंपनी, दोन्ही एक होताहेत. दोघांकडे संशोधन केंद्र आहे, दोघांकडे प्रमुख आहे. नव्या कंपनीला केंद्र एकच हवंय आणि प्रमुखही एकच. गुरुवारी वरची माणसं येताहेत. पीठ बाजारात आणायला तयार आहे असं मी दाखवलं तर केंद्र इथे राहील आणि दोन्हीकडचं संशोधन माझ्याकडे येईल. नाही तर हे बंद. माझे तीसेक लोक आहेत, विमल. कुणी नुकतं घर घेतलंय, कुणाचं लग्न ठरलंय."

"पीठ तयार आहे ना?"

"सगळे चांगलं म्हणतात. दोन वर्षं आमचं टेस्ट पॅनल ही भाकरी खातंय आणि दोन वर्षांत एकाही माणसाने वाईट म्हटलेलं नाही. मला त्याचीच भीती वाटते. दुसऱ्या शहरात चाचणी घेणार होते, पण कंपन्या एकत्र यायला लागल्यावर त्याचे पैसे सगळ्यांत आधी कापले. म्हणून तुला बोलावलं."

शहराबाहेरचं केंद्र

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही केंद्रावर गेलो. शहर संपलं की इथली जमीन एकदम मोठमोठ्या गोल खडकांची होते. एकावर एक ठेवलेले, आता पडतील की मग पडतील असे, आणि युगानुयुगं न पडणारे. आमच्याकडे काळी भुई डोळ्यांना पुरत नाही इतकी सपाट पसरलेली असते, त्यामुळे मी खिडकीतून लहान मुलीसारखी बघत होते.

केंद्राच्या दारातच माझी फजिती झाली. सुजाताच्या हाताखालची श्रीलता नावाची तरुण शास्त्रज्ञ मला चव घेण्याच्या खोलीकडे नेत होती. तिने माझ्या डोक्याकडे बघितलं आणि थबकली. सकाळी नारायणगुड्याच्या कोपऱ्यावर जाईचा असा काही देखणा गजरा मिळाला होता की मी हौसेने माळला होता.

"मॅडम, फूल अंदर नहीं," ती ओशाळून म्हणाली.

गजरा नाही, वासाचं तेल नाही, पावडर नाही, तासभर आधी चहा नाही. चव घेणाऱ्या माणसाच्या अंगाला स्वतःचा काही वास असता कामा नये असा नियम आहे. गजरा काढून दिला, तेल साबणाने धुतलं आणि ओल्या केसांनी तासभर बाकावर बसून राहिले. शिकवते गृहविज्ञान आणि एवढं कळू नये! श्रीलताने मात्र तो गजरा ओल्या रुमालात गुंडाळून जपून ठेवला होता.

आतली खोली म्हणजे ओळीने लाकडी कप्पे. एका कप्प्यात एक माणूस. शेजाऱ्याचं तोंड दिसू नये, कारण त्याने नाक मुरडलं की आपलंही मुरडतं. समोर तिकीटखिडकीसारखी खिडकी, तिच्यातून पांढऱ्या बशीत भाकरीचा तुकडा येतो. वर तांबडा दिवा, म्हणजे भाकरी पांढरी की पिवळसर हे कळू नये. मीठ नाही, भाजी नाही. एक घास, मग कोमट पाणी, मग दुसरी बशी.

पॅनलची माणसं कंपनीच्या गाडीतून आली. वीसेक असतील, बाया जास्त. कुणी बँकेत, कुणी दवाखान्यात, कुणी रेल्वेत. सगळी मराठी बोलत होती, पण ते मराठी ऐकायला कान जरा तयार करावा लागतो. शोभा नावाच्या बँकेतल्या बाई मला म्हणाल्या, "तुम्ही लातूरचे का? हमारे सासरवाले उदगीरचे हैं ना. आवो, बसा, परेशान नका होऊ, एकदम ईझी रहता." सुजाताने ही सगळी कुटुंबं स्वतः शोधून काढली होती. नांदेड, देगलूर, उदगीरकडून दोन-तीन पिढ्यांपूर्वी आलेली, तिच्याच समाजातली, दोन्ही वेळा भाकरी खाणारी. ज्वारीची चव यांच्याइतकी कुणाला कळणार, असा तिचा विचार होता आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही.

मी कप्प्यात बसले. पहिल्या बशीतला घास चावला. मऊ, गोडसर, छान. गिळला. आणि मग घशाच्या कडेला, जिभेच्या अगदी मुळाशी, एक कडवटपणा आला आणि तिथेच बसून राहिला. आदल्या रात्री जेवताना खटकलं होतं ते हेच. कोमट पाण्याने तो जाईना. दुसरी बशी ताज्या पिठाची असावी, तिच्यात तसं काही नव्हतं. तिसरीत पुन्हा आला. मी जे वाटलं ते नेमून दिलं तसं नोंदवून बाहेर आले. बाहेर पॅनलची मंडळी चहा पीत होती आणि एकमेकांना सांगत होती की आजची भाकरी फार छान झाली होती.

परतताना गाडी सुजाता चालवत होती. मी दार लावल्या लावल्या म्हणाले, "कडू आहे."

"किती?"

"पहिला घास गिळल्यावर कळतं. दुसरी भाकरी घ्यावीशी वाटणार नाही इतकं."

खडक मागे गेले, गोदामं आली, तेव्हा ती म्हणाली, "वीस माणसं दोन वर्षं चांगलं म्हणताहेत आणि तू एका दुपारी येऊन कडू म्हणतेस."

"मग मला बोलावलंस कशाला? ओवाळायला?"

हे मी बोलायला नको होतं. सुजाताने गाडी कडेला घेतली.

"तुला काय गं! तुमच्या घरी ज्वारीची पेवं भरलेली असायची. भाकरी जरा करपली की तुझी आजी ती गाईपुढे टाकायची, तूच मला होस्टेलवर सांगितलंयस हसत हसत. आमच्याकडे भाकरीला नाव ठेवायची छाती कुणाची होती? माझी आजी दारोदार फिरून तुकडे आणायची. बुरशी आलेले धुऊन उन्हात वाळवायची आणि उकळून पोरांना घालायची. आई सांगते, कुणी तोंड वाकडं केलं तर पाठीत धपाटा बसायचा. भाकरी चांगलीच असते, असं शिकवलंय आम्हाला. वाईट म्हणायचं आम्हाला कुणी शिकवलंच नाही..."

तिने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. समोरून एक ट्रक गेला, त्याची धूळ काचेवर बसली, तरी ती समोरच बघत होती.

"विमल," ती हळूच म्हणाली, "वीसच्या वीस जण आमचेच आहेत."

माझ्या फटकळपणाचं लोक कौतुक करतात आणि मीही ते करून घेते. तो मला आमच्या पेवांबरोबर वारशात मिळाला होता, हे आजवर कुणी माझ्या तोंडावर सांगितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. माझं काही चुकलं होतं म्हणून नव्हे, तर इतकी वर्षं एका खोलीत, एका ताटात जेवून हे मला कळलं नव्हतं म्हणून.

अफझलगंज

दुसऱ्या दिवशी सुजाता सकाळीच केंद्रावर गेली. मी मावशींना सांगून अफझलगंजला गेले. मुसी नदीच्या काठावरची ही व्यापाराची जुनी पेठ. नदीत पाणी कमी आणि वास जास्त, पण काठावरच्या ग्रंथालयाची इमारत अशी की तिच्यासमोर उभं राहिलं की पाठ आपोआप ताठ होते. पेठेत धान्याची पोती, मिरचीचे ढीग, हळद आणि सुतळी. मला ताजी ज्वारी हवी होती. एका दुकानदाराने पोत्यात हात घालून दाणे माझ्या तळहातावर ठेवले.

"जोन्नलू बढिया है, खाला. शक्कर है शक्कर."

मी दोन दाणे दाताखाली फोडले. तो हसून म्हणाला, "अब तो पूरी थैली चबाके देखोगे आप." या शहरात घासाघीस करताना कुणी आवाज चढवत नाही. आमच्याकडे भाजीवालीशी भाव करताना शेजारच्या गल्लीला कळतं. इथे तो "नै होता खाला" इतक्या मायेने म्हणतो की शेवटी आपणच जास्त देऊन निघतो. तसंच झालं. जवळच्या गिरणीतून दळून घेतलं. येताना चपलेचा अंगठा तुटला आणि गरम पिठाची पिशवी छातीशी धरून एक पाय फरपटत मी रस्ता ओलांडला. मला बघून दोन मुली हसल्या आणि त्यांच्यातल्या एकीनेच मग मला रिक्षा थांबवून दिली.

घरी आले तर सुजाता परतलेली. तिने पॅनलच्या सगळ्या मंडळींना संध्याकाळी घरी, गच्चीवर बोलावलं होतं. कप्पे नाहीत, तांबडा दिवा नाही. मी आणलेल्या पिठाच्या भाकऱ्या एका टोपलीत आणि कंपनीच्या सहा महिने जुन्या पिठाच्या दुसऱ्या टोपलीत. थापल्या मावशींनी, भाजल्या मी. माझ्या भाकरीला मावशींनी नाव ठेवलं नाही, पण दोन भाकऱ्या माझ्या हातातून काढून घेऊन पुन्हा विस्तवावर धरल्या.

माणसं सतरंजीवर बसली. दोन्ही टोपल्या फिरल्या. सुजाता उभी राहून म्हणाली, "आज मला चांगलं ऐकायचं नाही. काय खटकतं तेवढंच सांगा."

शोभाबाई म्हणाल्या, "मॅडम, दोन्ही चांगल्याच तर हैत." रेल्वेतले मिलिंद म्हणून एक गृहस्थ होते, ते मान खाली घालून म्हणाले, "ताई, तुम्ही गाडी भेजता, चहा-नाष्टा देता, इज्जतीनं बसवता. त्याच्यावर अन्नाला नावं ठेवायची म्हणजे अच्छा दिसत नाही ना."

"मीही कधी ठेवली नाहीत," सुजाता म्हणाली. "पण मिलिंदभाऊ, हे पीठ परक्या घरात जाणार. ती बाई एकदा घेईल, तोंड वाकडं करेल आणि म्हणेल ज्वारीच वाईट. मग ती पुन्हा ज्वारीकडे वळायची नाही. तुम्ही आत्ता बोलला नाहीत तर मला कुणीच सांगणार नाही."

खालच्या रस्त्यावरचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. मला बोलायची उबळ आली होती, पण ती मी दाबली, आणि माझ्या आयुष्यात हे फार वेळा घडलेलं नाही.

"कडू लागतंय."

गयामावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. सगळे वळले. त्यांनी पदर सावरला आणि खाली बघत पुन्हा म्हणाल्या, "ही पिशवीतली. गिळल्यावर कडू लागती. पयल्या दिसापास्नं लागती. मी दुधात कुस्करते, मग कळत न्हाई."

"आई! मग दोन वर्षं बोलली का नाहीस?"

"अन्न हाय बाई," मावशी म्हणाल्या. "त्यात तू केल्यालं."

सुजाता आईजवळ येऊन बसली. मग शोभाबाई हळूच म्हणाल्या की कंपनीने दिलेली पिशवी त्यांची मुलं खात नाहीत, त्या एकट्याच संपवतात, कारण "फेकू नक्को वाटता." मग एक म्हणाली, मी पिठात मेथी घालते. एकीने सांगितलं की ती घास चावल्यावर लगेच गूळ खाते. मिलिंदभाऊंनी कबूल केलं की घशाशी जळजळतं. एकदा वाट फुटल्यावर सगळे बोलायला लागले, आणि प्रत्येक जण बोलून झाल्यावर सुजाताची माफी मागत होता. ते मला ऐकवेना. माफी मागण्यासारखं त्यांच्यापैकी कुणी काही केलं नव्हतं.

मंडळी गेल्यावर मी तिला विचारलं, "उद्या काय दाखवणार?"

"दोन वर्षांचे चांगले शेरे आहेत. खोटे नाहीत, त्या माणसांनीच दिलेत. तेवढेच दाखवले तर कुणी विचारणार नाही. तीस माणसं राहतील." ती गच्चीच्या कठड्याला टेकून उभी होती. "पीठ मागून सुधारता येईल असंही वाटतं. पण बाजारात एकदा गेलं की ते कोण सुधारू देतं?"

सल्ला माझ्या जिभेवर कायम तयार असतो. त्या दिवशी मी तो दिला नाही. तीस घरांची चूल माझ्या हातात नव्हती आणि ती वर्षंही माझी नव्हती.

पुन्हा नारायणगुडा

गुरुवारी ती लवकर गेली. मी आणि मावशी दिवसभर घरात होतो. त्यांनी मला सुजाताच्या वडलांच्या गोष्टी सांगितल्या, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये सुजाता कंदिलाजवळ कशी अभ्यास करायची ते सांगितलं. परभणीला जाताना तिच्याबरोबर दहा दिवसांच्या भाकऱ्या बांधून दिल्या होत्या, त्यातल्या निम्म्या मीच खाल्ल्या, हेही त्यांना ठाऊक होतं. दुपारी खालच्या हॉटेलातून बिर्याणी मागवली. दोघींचं लक्ष दाराकडे, त्यामुळे ती डब्यातच गार झाली.

सुजाता दिवेलागणीला आली. पर्स खुर्चीवर ठेवली, पाणी प्यायली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. तिने दोन्ही गोष्टी दाखवल्या होत्या, दोन वर्षांचे शेरे आणि गच्चीवरचं बोलणं. पीठ तयार नाही, अजून निदान एक हंगाम लागेल, असं स्पष्ट म्हणाली. वरच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि चहानंतर सांगितलं की मग दोन केंद्रं ठेवण्याचं कारण उरत नाही. संशोधन गुरगावला जाईल, प्रमुख तिकडचे होतील. हैदराबादचं केंद्र या हंगामाअखेर बंद. तिच्या लोकांपैकी काहींना तिकडे घेतील, सगळ्यांना नाही. तिला सल्लागार म्हणून राहायचं असेल तर राहता येईल.

"श्रीलता रडली," ती म्हणाली. "बाकीचे माझ्याशी बोललेच नाहीत. त्यांचं बरोबर आहे."

मी तिचा हात धरला. तिने तो धरू दिला.

मावशी इतका वेळ ऐकत होत्या. कंपनी, हंगाम, सल्लागार यातलं त्यांना किती कळलं कोण जाणे, पण मूळ गोष्ट बरोबर कळली. त्या उठल्या, भिंतीला धरत सुजाताच्या खुर्चीपाशी आल्या.

"माझ्या बोलन्यानं गेलं का गं हे?"

"नाही आई." सुजाता इतक्या घाईने म्हणाली की मावशींना ते पटणं शक्यच नव्हतं.

मावशींनी शेजारच्या खुर्चीवरच्या पर्समधून तिचा फोन बाहेर काढला आणि तिच्यापुढे धरला.

"लाव त्या सायबाला. म्हातारीच्या तोंडाला चव न्हाई म्हनावं, ती कायबी बोलती. मी पुन्यांदा खाते त्याच्यासमोर. चांगली हाय म्हनते. तुझी शप्पत, चांगली हाय म्हनते."

सुजाताने तो फोन घेऊन बाजूला ठेवला. मग ती खुर्चीवरून उतरली, आईच्या पायाशी फरशीवर बसली आणि तिच्या गुडघ्यांना मिठी मारून म्हणाली, "नको आई. आपल्यात पहिल्यांदा कुणीतरी बोललं. ते मागं घेऊ नको."